बेत दोन रात्रींचा : मिसिसिपीच्या काठी

सहलीचा बेत करणे ही आपल्याकडे सबंध घराची करमणूक असते. पूर्वी त्यासाठी नकाशा सतरंजीवर पसरत, त्याच्या कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवत, आणि मग ज्याला जे आठवेल ते तो त्यात घालीत जाई. आता नकाशा हातातल्या फोनमध्ये शिरला आहे, पण बाकीचे सारे तसेच आहे. बेत वाढत जातो. दिवस मात्र जेवढ्यास तेवढेच राहतात. धाकट्याला प्राणी पाहायचे असतात, थोरल्याला उंच इमारत, आजोबांना 'ऐतिहासिक महत्त्वाचे' काही, आणि आजींना कुठेतरी टेकायला बाक. सगळ्यांचे मन राखता राखता अशी यादी तयार होते की ती पुरी करायला देवाने शनिवार आणि रविवार यांच्या मध्ये आणखी दोन वार घालावयास हवे होते.

दिवाळी अंकाच्या या सदरासाठी यंदा पुण्याच्या एका भगिनींचे पत्र निवडले आहे. मुलगा आणि सून शिकागोच्या एका उपनगरात राहतात. नात आठ वर्षांची आहे. येत्या उन्हाळ्यात दोघे पतिपत्नी तिकडे जाणार. मे महिन्यातल्या अखेरच्या सोमवारी तिकडे 'मेमोरियल डे'ची सुटी असते, म्हणजे शनिवार-रविवार धरून तीन दिवस सलग मोकळे. सूनबाईंनी फोनवर सांगितले, "आई, या वेळी कुठे जायचे ते तुम्ही ठरवा." या मानाने बाईंना आनंद झाला, आणि धसकाही बसला. मागल्या खेपेस पाच दिवसांत न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगारा झाले. त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर "फोटो पुष्कळ आहेत, आठवण एकच, गाडीची खिडकी." त्यातून यजमानांचा स्वभाव प्रत्येक तिकिटाचे मनातल्या मनात रुपये करण्याचा, यांचा उजवा गुडघा धरलेला, आणि नातीला मराठी समजते, पण ती उत्तर देते इंग्रजीत, ते आजोबांना कळते आणि आजींना अर्धे कळते. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "वयोमानाने ही बहुधा आमची शेवटची खेप. म्हणून असे ठिकाण सांगा की पाचही जणांना एकत्र काही पाहता येईल, आणि परत आल्यावर चार माणसांत सांगण्यासारखे काही असेल."

या पत्रात एकट्या त्यांचीच नव्हे, पुष्कळ घरांची गोष्ट आहे. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

शहर कोणते?

अमेरिकेच्या नकाशात दोन्ही किनारे सोडून मधला जो सपाट, मक्याचा मुलूख दिसतो त्याच्या उत्तरेकडच्या भागाला तिकडचे लोक 'मिडवेस्ट' म्हणतात. शिकागो ही त्याची राजधानीच म्हणा ना. पण शिकागो तर घरच्या अंगणात आहे. ते सहा महिन्यांत केव्हाही पाहता येईल. विवेकानंदांनी १८९३ साली जेथे भाषण केले ती इमारत, म्हणजे आजचे आर्ट इन्स्टिट्यूट, चिरंजीव एखाद्या रविवारी दाखवून आणतीलच. दोन रात्रींसाठी मी सुचवतो ते सेंट लुईस.

सेंट लुईस शिकागोपासून सुमारे तीनशे मैल, म्हणजे पावणेपाचशे किलोमीटर. मोटारीने पाच तास. आगगाडीनेही जवळजवळ तेवढेच. मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर हे गाव १७६४ साली फ्रेंच व्यापाऱ्यांनी कातड्यांच्या व्यापारासाठी वसवले, आणि आपल्या देशाच्या एका संत राजाचे, नवव्या लुईचे, नाव त्याला दिले. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून हा सारा मुलूख विकत घेतला. पश्चिमेकडे निघालेली माणसे येथे सामान भरून पुढे जात, म्हणून याला पश्चिमेचे प्रवेशद्वार म्हणू लागले. १९५० साली शहराची वस्ती साडेआठ लाखांच्या वर होती. २०२० च्या खानेसुमारीत ती तीन लाखांच्या आसपास भरली. बाकीचे लोक उपनगरांत पांगले. त्यामुळे या गावाची गंमत अशी आहे की संग्रहालये, बाग, वाद्यवृंद, नाट्यगृहे हा सारा संसार एका मोठ्या शहराचा आहे, आणि रस्त्यातली गर्दी मध्यम गावाची. ज्याला गुडघा सांभाळून फिरायचे आहे त्याला याहून बरे काय हवे?

दुसरे कारण यजमानांच्या समाधानाचे आहे. या शहरातील प्राणिसंग्रहालय, कलासंग्रहालय, इतिहास संग्रहालय आणि विज्ञान केंद्र, चारही ठिकाणी प्रवेशाला पैसे पडत नाहीत. ही कोणा धनिकाची कृपा नव्हे. शहर आणि भोवतालचा परगणा यांतल्या मतदारांनी १९७१ साली मत देऊन आपल्या घरपट्टीवर थोडा जादा कर बसवून घेतला, आणि तो अशा संस्थांसाठी राखून ठेवला. आपल्यावर कर बसावा म्हणून माणसे रांगेत उभी राहून मत देतात, ही गोष्ट आजोबांनी नातीला समजावून सांगण्यासारखी आहे. सांगताना त्यांना स्वतःलाही ती पुन्हा एकदा नवी वाटेल.

शनिवार : लिंकनचे घर

शनिवारी सकाळी सातला निघा. आठ म्हणाल तर नऊ होतील. गाडी पंचावन्न क्रमांकाच्या महामार्गाला लागली की दोन्ही बाजूंना शेतेच शेते. मे-अखेर मका नुकता वर आलेला असतो. याच वाटेला जवळजवळ लागून जुना 'रूट सिक्स्टी-सिक्स' जातो. १९२६ साली आखलेला, शिकागोहून थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत गेलेला हा रस्ता. १९८५ साली सरकारी यादीतून त्याचे नाव निघाले, लोकांच्या मनातून मात्र निघाले नाही.

दोनशे मैलांवर स्प्रिंगफील्ड लागते. इलिनॉय राज्याची ही राजधानी. येथे पाय मोकळे करायला थांबायचे, आणि थांबायचेच आहे तर अब्राहम लिंकनच्या घरापाशी थांबायचे. लिंकनने स्वतःच्या मालकीचे असे एवढेच घर आयुष्यात घेतले. १८४४ साली ते विकत घेतले, आणि १८६१ साली अध्यक्ष होऊन वॉशिंग्टनला जाईपर्यंत त्याचा संसार येथे होता. घर पाहायला पैसे नाहीत, मात्र त्याच दिवशीची वेळ लिहिलेली चिठ्ठी शेजारच्या स्वागतकेंद्रातून घ्यावी लागते. सुटीच्या दिवशी गर्दी असते. पोहोचल्याबरोबर आधी चिठ्ठी घ्या, मग डबा उघडा. घरात जिना आहे. गुडघ्याला तो मानवणार नसेल तर आजींनी खाली थांबावे. आजूबाजूची जुनी घरे आणि फळ्यांच्या पायवाटा त्या काळच्यासारख्या राखल्या आहेत, त्या पाहण्यातही वेळ छान जातो.

डबा म्हणालो, तो बरोबर घ्याच. दशम्या, धपाटे, लिंबाचे लोणचे आणि दह्याचा एक डबा बर्फाच्या पेटीत. वाटेवर शाकाहारी माणसाला बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या आणि पावाखेरीज फारसे मिळत नाही. आणि मुख्य म्हणजे शेतांच्या मध्ये बाकावर बसून खाल्लेल्या दशमीची चव हॉटेलात यावयाची नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सेंट लुईस. त्या दिवशी आणखी काही पाहू नका. उतरण्याची जागा शक्यतो फॉरेस्ट पार्कच्या जवळ घ्या. अंग धुवून, चहा घेऊन, वाटलेच तर नव्या कॅथीड्रलपर्यंत जा. या देवळाचे बांधकाम १९०७ साली सुरू झाले, आणि आतल्या भिंती-घुमटांवर रंगीत काचेच्या तुकड्यांची चित्रे बसवण्याचे काम १९१२ पासून १९८८ पर्यंत चालले. तुकडे चार कोटींहून अधिक, रंगछटा सात हजारांवर. शहात्तर वर्षे! ज्यांनी आरंभ केला त्यांनी शेवट पाहिला नाही. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला हा हिशेब नवा नाही. पण नातीला येथेच सांगता येईल की आपल्याकडे एक सबंध देऊळ डोंगरातून वरून खाली कोरीत आणले आहे. देवळात शनिवारी संध्याकाळी प्रार्थना चालू असण्याचा संभव आहे. तेव्हा वेळ आधी पाहून जावे.

रविवार : एक बाग, सबंध दिवस

रविवार संपूर्ण फॉरेस्ट पार्कला द्या. ही बाग १८७६ साली उघडली. विस्तार सुमारे तेराशे एकर, म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कापेक्षाही मोठी. १६ मे २०२५ रोजी शहरावरून 'टोर्नॅडो' नावाचे भीषण वादळ गेले, त्यात काही माणसे दगावली आणि या बागेतील पुष्कळ जुनी झाडे आडवी झाली. काही ठिकाणी आज मोकळे आकाश दिसते तेथे पूर्वी सावली होती. म्हणून टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका. तिकडचा उन्हाळा दमट असतो, मुंबईकराला ओळखीचा वाटेल असा.

१९०४ साली येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच वर्षी अमेरिकेतले पहिले ऑलिंपिक सामनेही याच गावात झाले. प्रदर्शनातल्या बहुतेक इमारती तात्पुरत्या होत्या, त्या पाडल्या गेल्या. दोन गोष्टी मात्र राहिल्या. एक म्हणजे टेकडीवरचा कलेचा वाडा, तेच आजचे कलासंग्रहालय. आणि दुसरी पक्ष्यांचा भला थोरला जाळीदार पिंजरा, ज्याच्यापासून प्राणिसंग्रहालयाची सुरुवात झाली.

सकाळी आधी प्राणिसंग्रहालय. ऊन चढण्यापूर्वी प्राणी जागे असतात आणि आठ वर्षांची मुलेही. गाडी उभी करण्याचे पैसे पडतात, आतल्या छोट्या आगगाडीचे तिकीट पडते. बाकी पाहणे फुकट. त्या जुन्या पिंजऱ्यातून माणसांना चालत जाता येते. पक्षी डोक्यावरून, आजूबाजूने वावरत असतात. येथे माझी एक सूचना. चिरंजीव आणि सूनबाईंनी अर्धा तास चहा-कॉफीच्या निमित्ताने बाजूला व्हावे, आणि आजी-नातीला या पिंजऱ्यात एकटे सोडावे. 'हा बघ, बगळ्यासारखा!' हे वाक्य कोणत्याही भाषेत कळते. बोट दाखवायला व्याकरण लागत नाही. मुले घरात ज्या भाषेला उत्तर देत नाहीत, ती भाषा नवल वाटले म्हणजे त्यांच्या तोंडून आपोआप निघते, असा अनेक आज्यांचा अनुभव आहे.

दुपारी जेवण आणि थोडी विश्रांती. मग कलासंग्रहालय. ते सोमवारी बंद असते, म्हणून ते रविवारीच उरकायला हवे. सगळी दालने पाहायचा हट्ट धरू नका. एवढ्या मोठ्या संग्रहालयात सगळे पाहणारा माणूस काहीच पाहत नाही. प्रत्येकाने एकेक दालन निवडावे, आणि निवडणाराने इतरांना तेथे नेऊन एक चित्र दाखवावे. पाच माणसे, पाच चित्रे, दीड तास. जर्मनीतून नाझी राजवटीला कंटाळून बाहेर पडलेला माक्स बेकमान नावाचा चित्रकार काही काळ या शहरात शिकवीत होता; त्याच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह येथे आहे. चित्रे थोडी उग्र आहेत. आजोबांना ती आवडणार नाहीत, सूनबाईंना आवडतील, आणि त्यावर रात्री जेवताना बोलणे होईल; ते झाले म्हणजे चित्रांचे काम झाले.

बाहेर आलात की पायऱ्यांवर घोड्यावर बसलेल्या राजा लुईचा पुतळा आहे, खाली उतार आणि तळे. गुडघ्याला येथे विसावा. शरीरात बळ असेल त्यांनी इतिहास संग्रहालयात एक फेरी मारावी. १९०४ च्या प्रदर्शनाची कथा तेथे सांगितली आहे, आणि तिची काळी बाजूही. त्या प्रदर्शनात फिलिपाइन्समधून आणलेल्या हजारावर माणसांची 'गावे' वसवून ती प्रेक्षकांना दाखवण्यासाठी मांडली होती. विजेचे दिवे, नवी यंत्रे, आणि शेजारी कुंपणात माणसे! ज्या पिढीने हे केले तिला आपण फार सुधारलेले आहोत असे वाटत होते.

संध्याकाळसाठी दोन पर्याय. खाण्याची हौस असेल तर 'द हिल' नावाची इटालियन वस्ती. तेथे तळलेली 'रॅव्हिओली' प्रसिद्ध आहे, करंजीची इटालियन धाकटी बहीण म्हणा. पण सारण बहुधा मांसाचे असते, तेव्हा विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. येथल्या दाट गोठवलेल्या 'कस्टर्ड'मध्ये अंडे असते, हेही अंडे न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दुसरा पर्याय गाण्याचा. मिसिसिपीवरून बोटींबरोबर दक्षिणेचे निग्रो संगीत, रॅगटाइम आणि ब्लूज, या गावात आले आणि रुजले. रॅगटाइमचा राजा स्कॉट जॉप्लिन येथे राहत असे, त्याचे घर जपले आहे. आणि रॉक-अँड-रोलचा चक बेरी तर याच गावचा. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर फॉरेस्ट पार्कातच 'म्युनी' हे उघड्यावरचे प्रचंड नाट्यगृह आहे. १९१७ पासून ते चालू आहे, अकरा हजारांच्या आसपास आसने, आणि दर खेळाला मागची सुमारे दीड हजार आसने फुकट! जो आधी येईल तो बसेल. आमच्या पिढीला गणेशोत्सवातले मेळे आणि नाटके रस्त्यावर सतरंजी टाकून पाहण्याची सवय होती. त्यांना तेथे परके वाटणार नाही.

सोमवार : एक कमान, एक कचेरी

सोमवारी सामान गाडीत भरून सकाळीच नदीकाठी या. येथे आहे ती प्रसिद्ध कमान, 'गेटवे आर्च'. उंची ६३० फूट, दोन पायांतले अंतरही ६३० फूट. अंगावर सगळे चकचकीत पोलाद. एरो सारिनेन या शिल्पज्ञाने ती कल्पिली, पण तो १९६१ साली वारला, आणि कमान पुरी झाली २८ ऑक्टोबर १९६५ रोजी. तिचा आकार कसा ठरला ते नातीला दाखवायचे असेल तर गळ्यातली साखळी काढा, दोन्ही टोके दोन हातांत धरून मध्ये सैल सोडा, आणि जो झोल पडेल तो मनात उलटा करा. थोडा फरक सोडला तर हीच ती कमान. साखळी आपल्याच वजनाने जो आकार घेते, तोच उलटा केला की वजन सुरळीत खाली जमिनीत उतरते.

कमानीच्या पोटातून वर जायला पाळण्यांसारख्या लहान लहान डब्यांची गाडी आहे. एकेका डब्यात पाच आसने. पाच माणसांचे कुटुंब एका डब्यात बरोबर मावते! वर जायला चार मिनिटे, उतरायला तीन. डबा बुटका आहे, दार त्याहून बुटके, आणि वर-खाली पायऱ्याही चढाव्या-उतराव्या लागतात. चाकांची खुर्ची माथ्यापर्यंत जात नाही. ज्यांना कोंडल्यासारखे होते त्यांनी आणि ज्यांचा गुडघा वाकत नाही त्यांनी हा मोह सोडावा. खाली जमिनीखाली मोठे संग्रहालय आहे, ते फुकट आहे, आणि तेथेच माथ्यावरचे दृश्य दाखवण्याचीही सोय आहे. डब्याला तिकीट लागते, आणि सुटीच्या सोमवारी ते आयत्या वेळी मिळण्याची आशा धरू नये. चार-सहा आठवडे आधी काढून ठेवावे. सबंध सहलीत आधी काढायचे असे हे एकच तिकीट.

कमानीसमोर हिरवट घुमटाची जुनी कचेरी दिसते, 'ओल्ड कोर्टहाउस'. दुरुस्तीसाठी बरीच वर्षे बंद होती, ती २०२५ साली पुन्हा उघडली. पुष्कळ प्रवासी तिच्यापुढे उभे राहून कमानीचा फोटो काढतात आणि निघून जातात. माझे म्हणणे असे की कमान पाहायची राहिली तरी चालेल, ही कचेरी राहता कामा नये.

ड्रेड स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट हे दोघे गुलाम होते. मालकाबरोबर ते अशा मुलखांत राहून आले होते जेथे गुलामगिरीला कायद्याने बंदी होती. तेव्हा आम्ही स्वतंत्र झालो, असे म्हणून १८४६ साली त्यांनी सेंट लुईसच्या न्यायालयात फिर्याद केली. वाचता-लिहिता न येणारी दोन माणसे, पदरी दोन मुली. १८५० साली याच इमारतीत पंचांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. दोन वर्षांनी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला. खटला वर चढत वॉशिंग्टनला गेला, आणि १८५७ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आफ्रिकी वंशाच्या माणसाला अमेरिकेचा नागरिकच होता येत नाही, मग त्याला फिर्याद कसली? त्या निकालाने देश पेटला. स्प्रिंगफील्डच्या त्या घरात राहणाऱ्या वकिलाने त्याच जून महिन्यात आपल्या गावी उभे राहून त्या निकालावर कडाडून टीका केली. चार वर्षांनी यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा तोच वकील अध्यक्ष होता. म्हणूनच शनिवारी लिंकनचे घर आधी पाहा असे म्हटले. सोमवारी त्याचा धागा येथे जुळतो.

स्कॉट कुटुंबाला त्याच वर्षी एका जुन्या ओळखीच्या माणसाने मोकळे केले. ड्रेड स्कॉट पुढच्याच वर्षी, १८५८ साली, वारला. स्वातंत्र्य त्याला जेमतेम दीड वर्ष मिळाले. कचेरीच्या अंगणात आता त्या नवराबायकोचा पुतळा आहे.

आणि येथे आपला, महाराष्ट्राचा, संबंध येतो. या निकालानंतर सोळा वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी स्वार्थ सोडून झुंज दिली. सातासमुद्रांपलीकडे कोणा परक्यांची बेडी तुटली म्हणून पुण्यातल्या एका माणसाला आपले पुस्तक त्यांना वाहावेसे वाटले! पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांनी त्या पुतळ्यापाशी उभे राहून ही गोष्ट नातीला सांगितली, तर तिला आपले दोन देश एकाच वाक्यात ऐकायला मिळतील. मराठीत सांगा. अडेल तेथे तिचे वडील आहेतच.

परतीची वाट

दुपारी पूल ओलांडून इलिनॉयमध्ये शिरलात की अवघ्या पंधरा-वीस मिनिटांवर, परतीच्या महामार्गालगतच, कहोकिया लागते. येथे गवताने झाकलेल्या मोठमोठ्या मातीच्या टेकड्या आहेत. त्या निसर्गाच्या नव्हेत. माणसांनी टोपल्याटोपल्यांनी माती आणून रचलेल्या आहेत. सर्वांत मोठी टेकडी शंभर फूट उंच आहे, आणि तिचा पाया चौदा एकरांच्या वर. साधारण १०५० ते १२०० या काळात येथे मूळ अमेरिकी लोकांचे मोठे शहर भरभराटीत होते. वस्ती दहा ते वीस हजार असावी असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. आपल्याकडे १२९० साली ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या सुमारास हे शहर ओस पडू लागले होते. १९८२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात त्याचे नाव आहे. सेंट लुईसच्या बाजूलाही अशा टेकड्या होत्या. एकोणिसाव्या शतकात त्या सपाट करून त्यांवर रस्ते आणि घरे उभी राहिली. कोलंबसाने अमेरिका शोधली असे आम्ही शाळेत घोकले, त्यावर ही एक टेकडी पुरेसे उत्तर आहे.

माथ्यावर जायला दीडशेच्या वर पायऱ्या. चिरंजीवांनी नातीला घेऊन चढावे. वरून क्षितिजावर ती कमान दिसते. आजींनी खाली गवतावर चटई टाकून उरलेली दशमी सोडावी. चारला तेथून निघालात तर रात्री नऊच्या सुमारास घर.

हिशेब आणि इतर

खर्चाचा मोठा भाग दोन रात्रींच्या खोल्या आणि पेट्रोल. तिकीट म्हणाल तर कमानीचे एक आणि हौस असली तर प्राण्यांच्या आगगाडीचे. तेव्हा यजमानांना विनंती, की डॉलरचे रुपये करण्याचा परिपाठ या तीन दिवसांपुरता बंद ठेवावा. मुलगा आई-बापांसाठी खर्च करतो तेव्हा त्यालाही ते सुख असते. दर वेळी 'एवढ्यात आपल्याकडे महिन्याचा किराणा येतो' असे म्हटले की ते सुख त्याच्या हातून काढून घेतल्यासारखे होते.

औषधांच्या गोळ्या सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत. गाडी उभी केली की आसनावर पिशवी किंवा फोन दिसेल असा ठेवू नका. प्रत्येक ठिकाणची वेळ निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहून घ्या. सुटीच्या सोमवारी वेळा बदलतात.

आणि मी लिहिले आहे यातलेही एखादे ठिकाण खुशाल गाळा. हेन्री शॉ या गृहस्थाने १८५९ साली उघडलेले सुंदर वनस्पती-उद्यान मी मुद्दामच बेतात घेतले नाही, जुन्या जोड्यांच्या कारखान्यात उभारलेले, मुलांना घसरगुंड्या खेळायला लावणारे 'सिटी म्युझियम' घेतले नाही, कवी टी. एस. एलियट येथेच १८८८ साली जन्मला याचा उल्लेख करूनही त्याच्या गल्लीत तुम्हांला नेले नाही. रोज दुपारचे दोन तास कोरे ठेवा. त्यांत काय करायचे ते कागदावर लिहू नका. बहुतेक घरांत जे बोलणे वर्षभर राहून गेलेले असते, ते अशा कोऱ्या दोन तासांतच होते.

बेत जमला तर जूनमध्ये चार ओळी लिहून कळवा. पत्ता नातीला मराठीत लिहायला लावा. सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची जावो.